उघड्या तोंडांची सहमती

चित्रपटांबद्दलची माझी मतं अचूक असतात, असं मी स्वतःच्या तोंडाने म्हणणार नाही. आजवर एकाही माणसाने त्यांना हरकत घेतलेली नाही, एवढंच सांगतो. वकील, शिक्षिका, हिशेबतपासनीस, एक निवृत्त न्यायाधीश, एकदा तर खुद्द एका थिएटरचा मालक, अशा सगळ्यांपुढे मी ती मांडली आहेत आणि सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आहेत. मी दातांचा डॉक्टर आहे.

भुलीची सुई दिली की ती चढेपर्यंत पेशंटशी काहीतरी बोलावं लागतं. बरेच डॉक्टर हवेबद्दल बोलतात. पण हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? उकडतंय म्हटलं की विषय संपला. मी दर आठवड्याला एक नवा आणि एक जुना सिनेमा बघतो, त्यामुळे मला विषयांचा तोटा नाही. तो दीपगृहाच्या रखवालदाराचा जुना सिनेमा घ्या. लोक त्याला थोर वगैरे म्हणतात. मी म्हणतो, बायको सोडून गेली म्हणून रडायचंय तर रड बाबा, पण आधी तो दिवा पूस, तिकडे जहाजं खोळंबली आहेत! हा मुद्दा मी कित्येकांना दाढ कोरता कोरता समजावून दिलेला आहे. किंवा परवाचा तो नवा सिनेमा, ज्यात नायक अडीच तास स्वतःची गाडी कुठे लावली ते शोधत फिरतो. पेपरवाले म्हणाले, ही आजच्या माणसाची शोकांतिका आहे. मी म्हणालो, शोकांतिका कसली डोंबलाची, हा निव्वळ गलथानपणा आहे. हे सांगत होतो तेव्हा खुर्चीत शाळेतल्या कवायतीच्या बाई होत्या. त्यांनी डोळे विस्फारले, दोन्ही हात वर केले आणि पाय झाडले. एवढी दाद मला घरात कधी मिळालेली नाही.

घरात आमची ही आणि लेक. मी सिनेमाबद्दल तोंड उघडलं की हिचं गॅसवर काहीतरी उतू जातं. लेक नुकतीच दातांची डॉक्टर झाली आणि नव्या महिन्यापासून माझ्याच दवाखान्यात बसणार होती. तिच्यासाठी मी दुसरी खुर्ची आणून ठेवली होती, निळी. खुर्ची आली तेव्हा तिच्यावर प्लास्टिक होतं, ते मी तसंच ठेवलं. पहिल्या दिवशी लेकीने आपल्या हाताने ते फाडावं, अशी माझी इच्छा. बाहेरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव यावं, यापलीकडे मला आयुष्याकडून काही नको होतं.

म्हणजे, आणखी एक हवं होतं. आपली मतं एकेका पेशंटला किती दिवस वाटत बसायची, एकदा नीट सरळ बसलेल्या माणसांसमोर मांडावीत, असं मला हल्ली वाटायला लागलं होतं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कवळीसाठी आले होते. त्यांच्या तोंडात मापाचा गुलाबी लगदा भरून मी त्यांना विचारलं, "काय अध्यक्षसाहेब, सोसायटीच्या हॉलमध्ये माझा एक कार्यक्रम ठेवू या का? सिनेमा, नवे आणि जुने." अध्यक्षांनी जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी म्हटलं, झालं, वरून मंजुरी मिळाली.

पण खाली सेक्रेटरी बसलेले असतात, हे मी विसरलो. आमचे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

"हॉल तीनच कारणांसाठी मिळतो," ते म्हणाले. "वाढदिवस, व्यायाम आणि शोकसभा. तुमचं कशात बसतं?"

"ज्ञानप्रसारात."

"तो नाही यात."

"मग घाला की नवीन कारण."

"त्याला सर्वसाधारण सभा लागते. सभा हॉलमध्येच घ्यावी लागते. आणि हॉल घ्यायचा तर कारण लागतं." एवढं बोलून त्यांनी मोठ्या समाधानाने चष्मा पुसला.

मी वाढदिवसाचं विचारून पाहिलं. त्याला ज्याचा वाढदिवस आहे तो माणूस हजर लागतो, जन्मदाखल्यासकट. व्यायामाला श्रोत्यांना उभं राहावं लागलं असतं.

"आणि शोकसभेला काय लागतं हो?" मी विचारलं.

"काही नाही. खुर्च्या आणि शांतता."

मला दोन्ही हव्या होत्या. मी म्हटलं, घाला शोकसभेत, कागदावर काय असायचं ते असू दे.

कागद दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर लागला. त्यावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'शोकसभा. दंतवैद्य, दुसरा मजला. रविवारी सायंकाळी. सर्वांनी वेळेवर यावे.' चित्रपटांचा उल्लेख करायला जागा उरली नव्हती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दाढी करत होतो, तेवढ्यात बेल वाजली. तोंडाला फेस तसाच ठेवून मी दार उघडलं. बाहेर तिसऱ्या मजल्यावरचे हिशेबतपासनीस उभे होते, मान खाली, हात पुढे बांधलेले. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि पायरीवर मटकन बसले. हिने पाणी आणलं. मी त्यांना वारा घातला. जरा सावरल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही..."

"मी आहे," मी म्हणालो.

"हो. दिसतंय." थोड्या वेळाने त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद अर्धवट काढला. "मी बोलायचं लिहूनही आणलं होतं."

अशा प्रसंगी कोणताही माणूस जे विचारेल तेच मी विचारलं. "काय लिहिलंय?"

"हात हलका होता, असं आहे. वेळेवर बोलावायचे, असंही आहे."

"आणि सिनेमाबद्दल?"

ते उठले आणि चपला शोधायला लागले. "ते प्रसंगाला शोभलं नसतं," ते म्हणाले आणि जिना चढून गेले. मला त्याच वेळी काहीतरी चुकतंय हे कळायला हवं होतं. पण मला वाटलं, ते अजून धक्क्यातून सावरले नसावेत.

दिवसभर दारावर रीघ लागली. हिच्या गळ्यात पडायला आलेल्या बायका मागे सोफ्यावर बसलेल्या मला बघून किंचाळत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तर मला चिमटा काढून बघितला, आणि मी ओरडल्यावर हिला म्हणाल्या, "जिवंतच आहेत गं. बघ आता काय ते." शेवटी ही वैतागली. "तुम्ही जरा खोलीत जाऊन बसता का? माणसं घाबरतायत." स्वतःच्या घरात, स्वतःच्या शोकसभेच्या आधी, मी बेडरूममध्ये लपून बसलो.

दवाखान्यात तर अनर्थ झाला होता. आमच्या दवाखान्याची सगळी व्यवस्था बघतात त्या बाईंना सकाळपासून फोन येत होते. अर्धवट कोरलेल्या दाढांचं आता काय करायचं, एवढीच सगळ्यांना चिंता. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "अहो, काही झालेलं नाही डॉक्टरांना, मघाशीच मला फोनवर सिनेमा सांगत होते." पण ज्यांनी फोन केला नाही ते सरळ रस्ता ओलांडून समोर गेले. समोर एक दातांचा डॉक्टर आहे. तो पेशंटशी एक अक्षर बोलत नाही. बोटाने दाखवतो, मान डोलावतो, संपलं. त्याला आम्ही घरात मौनीबाबा म्हणतो. मला त्याची नेहमी कीव यायची.

रविवारी हॉल भरला. काही लोक मी गेलो म्हणून आले होते आणि काही लोक मी गेलो नाही हे बघायला. पुढच्या रांगेत अध्यक्ष, कवायतीच्या बाई, निवृत्त न्यायाधीश. सगळे माझेच पेशंट. एकेकाकडे बघून मला त्यांची तोंडं आठवत होती, आतून. मी दीपगृहापासून सुरुवात केली. दिवा पुसण्याचा मुद्दा नेहमीच्या ठिकाणी आला, मी नेहमीप्रमाणे थांबलो, आणि एक विचित्र गोष्ट घडली. समोरून आवाज आला.

"मला हे मान्य नाही."

मी आधी इकडेतिकडे बघितलं. आयुष्यात माझ्या एखाद्या मतानंतर गुळणीशिवाय दुसरा कुठलाही आवाज मी ऐकलेला नव्हता.

हिशेबतपासनीस उभे राहिले होते. "तो दिवा पुसत नाही, कारण बायको त्याच उजेडातून चालत गेलेली असते! काचेवर तिच्या हाताचा ठसा आहे, डॉक्टर. तो पुसायचा कसा? तुम्ही माझी अक्कलदाढ काढत होतात तेव्हापासून हे वाक्य माझ्या तोंडात आहे!"

टाळ्या पडल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला, तर तो रिकामा निघाला. ठसा मला दिसलाच नव्हता.

मग कवायतीच्या बाई उठल्या. त्यांचा आवाज मैदानाचा आहे. "मी हात वर केले होते ते शेवट सांगू नका म्हणून! माझ्याकडे दुसऱ्या दिवशीची तिकिटं होती! मी पाय झाडतेय, आणि हे म्हणतात, दुखतंय का, थोडंच राहिलंय. आणि सांगून टाकलं, की गाडी घरीच होती!"

"अहो, काय हे!" मागून कोणीतरी कळवळून ओरडलं. "मी आज रात्री बघणार होतो!"

यानंतर सभेला धरबंध राहिला नाही. वर्षानुवर्षं कापसाखाली दाबून ठेवलेली उत्तरं एकदम बाहेर पडली. एकाला माझं शिंप्याच्या सिनेमाबद्दलचं मत खटकलं होतं. दुसऱ्याला माझं कुठलंच मत पटलेलं नव्हतं, त्याने ती दाताच्या क्रमाने सांगितली. न्यायाधीश एवढंच म्हणाले, "माझ्या बाबतीत तर सुनावणीच झाली नाही." मी आशेने अध्यक्षांकडे बघितलं. "साहेब, तुम्ही तरी सांगा. कार्यक्रमाला तुम्हीच तर जोरात मान हलवलीत."

अध्यक्ष नव्या कवळीने अगदी स्पष्ट बोलले. "डॉक्टर, मला ओकारी येत होती."

हॉलमध्ये हशा उसळला. शेवटच्या रांगेत ही बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हसून हसून. शोकसभेत रडणारी ती एकटीच. तिच्या शेजारी लेक मात्र हसत नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "लोकांना सिनेमाची जाणच नाही." हिने ताटं घेतली. मग लेक म्हणाली, "बाबा, समोरच्या डॉक्टरांनी मला विचारलंय. त्यांच्याकडे बसायचं का म्हणून."

"तो बोलला?"

"चिठ्ठी पाठवली. मी आठवडाभर जाऊन बघते म्हटलंय."

"आणि तुझी खुर्ची?"

"प्लास्टिक काढलं नाहीये ना अजून. दुकानवाले परत घेतील." ती माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "बाबा, मी तिथे बसले होते आज. सगळ्यांसमोर. तुमचं काम इतकं चांगलं आहे, आणि लोक तुमच्यापासून पळतात. मला नाही बघवणार ते."

लोकांनी भर सभेत केलेली फजिती मी जेवणाबरोबर गिळली असती. हे गिळता येईना. पेशंट गेले तर येतात, कोणाच्या ना कोणाच्या दाढेला कीड लागतेच. पण लेक रस्ता ओलांडून समोर जाणार, आणि मी खिडकीतून तिच्या नावाची पाटी तिकडे लागलेली बघणार! त्याच क्षणी मी ठरवलं, सिनेमा बंद. म्हणजे बघणं नव्हे, त्यावर बोलणं बंद. जन्मात पुन्हा मत द्यायचं नाही.

सोमवारपासून मी दवाखान्यात तोंडाला कुलूप लावलं. बोटाने दाखवायचं, मान डोलवायची. वाटलं, आता पेशंट खूश होतील. पहिला माणूस दाढेत चिमूटभर सिमेंट भरून घ्यायला आला होता. मी गप्प काम करतोय बघून तो कासावीस झाला. माझा हात धरून म्हणाला, "डॉक्टर, काय आहे ते स्पष्ट सांगा. मी तयारीने आलोय." मी मान हलवली. त्याने डोळे मिटले आणि बायकोला फोन लावा म्हणाला. दुसऱ्या एक बाई तर माझी शांतता बघून अर्ध्या भुलीत उठून गेल्या, डॉक्टरांचा चेहरा असा असेल तर दात गेलाच म्हणून समजा, असं जाता जाता आमच्या बाईंना सांगून. बोललो तर पेशंट चिडतात, न बोललो तर मरायला टेकतात. करायचं तरी काय माणसाने?

हिला माझी दया आली असावी. म्हणाली, "चला, सिनेमाला जाऊ. पण एक शब्द नको." सिनेमा नवाच होता. त्यातला नायक सर्जन होता आणि मुखपट्टी नाकाच्या खाली लावून शस्त्रक्रिया करत होता. मी दात आवळले. त्याने हातमोजा घातलेल्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. मी आणखी आवळले. मग त्याने शस्त्रक्रियेच्या मधोमध खिडकीपाशी जाऊन गाणं म्हटलं, आणि माझ्या तोंडात कडकन आवाज झाला.

"बोललात का?" ही म्हणाली.

मी हातावर दाढेचा तुकडा काढून दाखवला.

ठणका असा होता की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मौनीबाबाकडे मी मेलो तरी जाणार नव्हतो, आणि एकदा मेल्याची आवई उठून झाली असल्याने ही धमकी घरात कोणी मनावर घेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने मला हाताला धरून माझ्याच दवाखान्यात नेलं. दार उघडून बघतो तो लेक आत, अंगात पांढरा कोट. तिने बाईंच्या टेबलावरची कात्री घेतली आणि निळ्या खुर्चीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"बसा बाबा."

"आज समोर नाही गेलीस?" मी गाल धरून विचारलं.

"आ करा. मोठा."

मी मोठा आ केला. सुई टोचलेली कळली नाही, इतका तिचा हात हलका. मला वाटलं, हिशेबतपासनीसांच्या कागदातलं ते वाक्य लेकीने ऐकायला हवं होतं. तिने कापूस ठेवला, लाळ ओढायची नळी अडकवली आणि मशीन सुरू केलं.

"समोर मी कालच नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, त्यांच्याकडे फार शांतता आहे हो. नुसती ती मशीनची घरघर. पेशंट छताकडे बघतोय, डॉक्टर दाढेकडे बघतायत. दोन दिवसांत गुदमरायला झालं मला. परवा एका काकूंना मी सहज म्हटलं, तो दीपगृहाचा सिनेमा बघितलात का, तर डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचं पाकीट मारलंय."

मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "आँ."

"बरोबर ना? आता त्या दीपगृहाबद्दल माझं मत सांगते. तुमचंही चूक आहे आणि त्या हिशेबवाल्या काकांचंही चूक. ठसा बायकोचा नाहीच, त्याचा स्वतःचाच आहे. नीट बघा परत."

साफ चूक! मी तो सिनेमा मधल्या दिवसांत परत लावून बघितला होता, ठसा डाव्या हाताचा आहे, हे तिने बघितलं का? रखवालदार डावखुरा आहे का? मी हात वर केला.

"हलू नका. आणि तुमची त्या गाडीच्या सिनेमावरची टीका तर मला मुळीच पटलेली नाही." इथून पुढे तिने कितीतरी वेळ, नव्या सिनेमापासून जुन्यापर्यंत, माझं एकेक मत उपसून बाजूला ठेवलं. एकही वाक्य मला मान्य नव्हतं. सगळ्यांना उत्तरं माझ्याजवळ तयार होती, आणि ती सगळी कापसाखाली दबून गेली. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि खरं सांगतो, इतकं बरंही मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. दारातून आमच्या बाई डोकावून बघत होत्या. त्या हिच्या कानात काहीतरी म्हणाल्या, आणि ही म्हणाली, "पाटी रंगवायला टाका आता."

"अरे हो," लेक आरसा आत सरकवत म्हणाली, "आई म्हणाली, रविवारची तिकिटं काढलीत तुम्ही. तो न्यायाधीशाच्या खुनाचा सिनेमा. मी बघितला तो समोर काम करत असताना, दुपारच्या सुट्टीत. छान आहे. फक्त शेवट मला..."

मी डोळे विस्फारले. दोन्ही हात वर केले. दोन्ही पाय झाडले.

"दुखतंय का बाबा?" लेक मायेने म्हणाली. "थोडंच राहिलंय. तर खून करतो तो घड्याळजी."